ओढ्याकाठचे कांस आणि आपल्या उसाचे टनेज



लागणीच्या नोंदी सुरू झाल्या की प्रत्येक गट कार्यालयात एक प्रश्न हमखास निघतो. "८६०३२ चांगला चाललाय, २६५ ला टनेज पडतंय, मग ऊस विकास खातं दर साली नव्या जातींचे चाचणी प्लॉट कशाला आमच्या गळ्यात मारतंय?" प्रश्न रास्त आहे. चाचणी प्लॉटमधली एखादी जात बारीक निघते, एखादी लोळते, एखादीला लवकर तुरा येतो. अर्धा एकर का होईना, पण नुकसान सभासदाच्या पदरात पडते. तेव्हा "वरून आदेश आहे" एवढे सांगून भागणार नाही. याचे उत्तर जरा लांबचे आहे आणि ऐकून नवल वाटेल, पण त्याची सुरुवात ओढ्याकाठच्या गवतापासून होते.

पावसाळा सरत आला की नदीच्या मळईत, ओढ्याकाठी, कालव्याच्या भरावावर पांढरे रेशमी तुरे डोलू लागतात. कुणी त्याला कांस म्हणतो, कुणी काश. गावागणिक नाव बदलते. कापले तर परत फुटते, जाळले तर जोमाने वर येते, आणि रानात एकदा शिरले की त्याचे जमिनीतले खोड नांगरालाही दाद देत नाही. पाणी नको, खत नको, फवारणी नको. शास्त्रज्ञ त्याला सॅकॅरम स्पॉन्टॅनियम म्हणतात. उसाच्या घराण्याचे नावही सॅकॅरमच. म्हणजे हे गवत उसाचे भाऊबंद झाले. आणि नाते एवढ्यावर थांबत नाही. आज आपल्या शिवारात उभ्या असलेल्या प्रत्येक सुधारित उसात या गवताचे रक्त आहे. लागण तुटल्यावर खोडवा जो फुटतो, पाण्याचे आवर्तन लांबले तरी ऊस जो तग धरतो, त्यात या गवताचा मोठा वाटा आहे.

मूळचा गोड, जाड ऊस हा न्यू गिनी बेटाकडचा. तिथल्या लोकांनी हजारो वर्षे चघळायला म्हणून निवडून निवडून तो मऊ, रसाळ आणि गोड केला. आपल्याकडचा पुंड्या त्याच कुळीचा. ज्यांच्या घरी म्हातारी माणसे आहेत त्यांनी त्यांना पुंड्याबद्दल जरूर विचारावे. मनगटाएवढा जाड, दाताने सोलता येणारा, गुळाला झकास. पण मोठा नाजूक. भरपूर पाणी, भरपूर पेंड आणि राखण असेल तरच पिकणार. कोल्ह्यांची तर ती मेजवानीच असे. ज्या गुणांमुळे तो माणसाला आवडला, त्याच गुणांमुळे रोगाला आणि किडीलाही तो सोपा झाला होता.

हा सोपेपणा जावा बेटात फार महाग पडला. १८८० नंतरच्या काळात तिथल्या उसावर सेरे नावाचा रोग आला. बेट खुजी होऊन गवतासारखी दिसू लागली. डचांचे कारखाने बेण्यासाठी डोंगरावर वेगळे मळे करून तिथून निरोगी टिपऱ्या खाली आणू लागले. पण अशा रीतीने रोग फक्त लांबणीवर पडतो. जात तीच, मग दुबळेपणाही तोच.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचे सगळे तिच्यावर आहे. आपण टिपरी लावतो तेव्हा नवा ऊस जन्माला येत नाही. तो जुनाच ऊस पुढे वाढत राहतो. तुमच्या रानातला ८६०३२, शेजारच्या तालुक्यातला ८६०३२ आणि तमिळनाडूतला ८६०३२ हे एकाच बेटाचे तुकडे आहेत. त्यामुळे पीक एकसारखे येते, हा फायदा. आणि एका बेटाला जो रोग मारू शकतो तो सगळ्या बेटांना मारू शकतो, हा तोटा. नवा ऊस जन्माला घालायचा तर तुऱ्यातले बी लागते. उसाच्या बियाला उगवण नसते, असाच एकोणिसाव्या शतकात बहुतेकांचा समज होता. १८८७-८८ च्या सुमारास जावात आणि बार्बाडोस बेटात हे बी उगवते असे पक्के सिद्ध झाले. ते बी इतके बारीक की फुंकर मारली तर उडून जाईल. पण टिपरीने होत नाही ते काम बी करते. एकाच तुऱ्यातल्या दोन बियांची दोन रोपे कधी सारखी नसतात. एकाच आईबापाची मुले जशी वेगवेगळी, तशीच. तुरा आला म्हणजे उसात दशी पडणार, वजन घटणार म्हणून आपण कपाळाला हात लावतो. पैदासकाराला मात्र तो तुराच हवा असतो.

बी मिळाले, आता कोणाचा कोणाशी संकर करायचा? जाड उसाचा जाड उसाशी केला तर गोडी मिळे, पण काटकपणा कुठून येणार? जावातल्या लोकांना कासोएर नावाचा एक ऊस रानात सापडलेला होता. तो सेरे रोगाला दाद देत नसे. पुढे तपासात निघाले की तो जाड काळा चेरिबॉन ऊस आणि तिथले रानटी ग्लागा गवत यांचा निसर्गातच झालेला संकर आहे. हे ग्लागा म्हणजे आपले कांसच, तिकडच्या नावाने. मग हा कासोएर घेऊन त्याचा पुन्हा जाड उसाशी, त्या संततीचा पुन्हा जाड उसाशी, असे संकर केले गेले. येस्वित नावाच्या डच शास्त्रज्ञाच्या हातून १९२१ साली झालेल्या संकरातून पीओजे २८७८ हा ऊस निघाला. जाड, गोड, आणि तरी सेरे रोगाला पुरून उरणारा. १९२९ पर्यंत जावातील बहुतेक ऊसक्षेत्र या एका जातीने व्यापले. पीओजे म्हणजे पूर्व जावाच्या प्रयोग केंद्राच्या डच नावातली आद्याक्षरे. ही अक्षरे आपल्याकडच्या जुन्या लोकांना परकी नाहीत. दख्खनच्या कालव्यांवर पुंड्या मागे हटला तो पीओजे २८७८, ईके २८ आणि त्यांच्यामागून आलेल्या को ४१९ मुळेच.

'को' म्हणजे कोइमतूर. तिथे १९१२ साली ऊस पैदास केंद्र सुरू झाले. कोइमतूरच का, तर तिथे उसाला तुरा चांगला येतो आणि बी धरते. डॉ. बार्बर हे पहिले प्रमुख आणि त्यांच्या हाताखाली टी. एस. वेंकटरामन. उत्तर हिंदुस्थानातला ऊस तेव्हा बोरूसारखा बारीक, आणि जाड ऊस तिकडच्या थंडीत व कोरड्या हवेत टिकत नसे. या मंडळींनी जाड 'वेल्लाई' उसावर कोइमतूरच्याच आसपासच्या रानटी कांसाचे पराग घेतले. त्यातून निघालेला को २०५ हा १९१८ साली पंजाबात गेला आणि तिथल्या देशी उसाच्या सुमारे दीडपट उत्पन्न देऊ लागला. गवताशी संकर करून टनेज वाढले, ही गोष्ट त्या काळी कुणाला सांगून खरी वाटली नसती. वेंकटरामन यांना पुढे सरकारने 'सर' केले. डॉ. जानकी अम्माळ या विदुषी १९३० च्या दशकात त्याच केंद्रात होत्या. ऊस आणि रानटी कांस यांच्या गुणसूत्रांवर त्यांनी केलेले काम जगभर मानले जाते.

आता हा संकर होतो कसा? दुभत्या जनावरांवरून सांगितले तर लवकर कळेल. गावठी गाईला होल्स्टीनचे रेतन केले तर वासरात निम्मे रक्त येते. त्या कालवडीला पुन्हा होल्स्टीन दिला तर पाऊण. दूध वाढत जाते आणि गावठी काटकपणा थोडा शिल्लक राहतो. उसातही तसेच. पहिल्या संकराचा ऊस दिसायला उसापेक्षा बोरूच अधिक. बारीक, चिपाडाने भरलेला, रसात साखर बेताची. तो पुन्हा जाड उसाशी, पुन्हा जाड उसाशी असा चढवत न्यावा लागतो. डच लोक जाड गोड उसाला खानदानी ऊस म्हणत, म्हणून या पद्धतीला नोबिलायझेशन, म्हणजे खानदानीकरण, असे नाव पडले. खानदान कोणाचे मोठे हा वाद आम्ही करत नाही. पण रोगाच्या साथीत अब्रू राखली ती गवताने, एवढे नमूद करतो.

उसात मात्र एक गंमत आहे, ती जनावरांत नाही. जाड उसात ८० गुणसूत्रे असतात आणि कोइमतूरच्या कांसात ६४. निम्मी आईची व निम्मी बापाची धरली तर संततीत ४० अधिक ३२ म्हणजे ७२ यायला हवीत. प्रत्यक्षात को २०५ मध्ये ११२ आहेत. म्हणजे जाड उसाची आई आपली सगळीच्या सगळी ८० देऊन मोकळी होते आणि गवताची निम्मी ३२ त्यात भर पडतात. निसर्गाच्या या उदारपणामुळे गोडी लवकर परत येते. नाहीतर गवताचा कडवटपणा आणि चिपाड काढता काढता पैदासकाराच्या दोन पिढ्या गेल्या असत्या. आजच्या सुधारित उसात गुणसूत्रांपैकी ढोबळ मानाने १० ते १५ टक्के गवताकडची असतात. भाकरीत मिठाएवढी म्हणा. पण मीठ नसले तर काय होते हे घरात विचारा.

मग आपल्या ८६०३२ मध्ये हे मीठ कुठून आले? त्याची एक बाजू पाहू. ८६०३२ ची आई को ६२१९८ आणि बाप कोसी ६७१. हा कोसी ६७१ म्हणजे आपल्याकडे जास्त उताऱ्यासाठी नावाजलेला ऊस, जुन्या सभासदांनी लावलेला आहे. कोसी ६७१ ची आई ऑस्ट्रेलियातला क्यू ६३ आणि बाप को ७७५. आणि को ७७५ ची आई कोण? जावाचा तोच पीओजे २८७८. म्हणजे कृष्णेच्या, भीमेच्या, गोदावरीच्या काठी आज उभ्या असलेल्या ८६०३२ मध्ये जावा बेटातल्या गवताचा अंश उतरलेला आहे. जुन्या को ४१९ चेही तसेच. पीओजे २८७८ आणि को २९० यांचे ते अपत्य.

वंशावळीत आणखी थोडे खोल गेले की आनंदाबरोबर काळजीही वाटू लागते. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने २००७ साली दिलेला फुले २६५ घ्या. त्याची आई को ८७०४४, आणि को ८७०४४ चे आईबाप तेच, को ६२१९८ आणि कोसी ६७१. म्हणजे २६५ ची आई ही ८६०३२ ची सख्खी बहीण. को ९४०१२ घ्या. तो तर कोसी ६७१ पासूनच ऊतिसंवर्धनातून निघालेला. एखादा सभासद चार एकरांत या तीन जाती लावतो आणि मनात समाधान मानतो की आपण जाती बदलून लावल्या, एक गेली तर दुसरी आहे. वास्तविक त्याने एकाच घरची तीन माणसे कामाला लावली आहेत. घरात साथ आली तर तिघेही एकदम अंथरुणाला खिळण्याचा धोका.

उत्तर प्रदेशातली हकिकत ताजी आहे. कर्नालच्या केंद्रातून को ०२३८ ही जात २००९ साली प्रसारित झाली. टनेज आणि उतारा दोन्ही इतके वाढले की दहा-अकरा वर्षांत त्या राज्यातले चार-पंचमांशाहून जास्त ऊसक्षेत्र एकट्या त्या जातीखाली गेले. शेतकरी खूष, कारखानेही खूष. मग लाल कूज शिरली. टिपरी उभी चिरली तर आत तांबडे पट्टे, मध्ये मध्ये आडवे पांढरे डाग, आणि आंबूस वास. हा रोग बेण्यातून पसरतो आणि एकदा बेटात शिरला की त्यावर फवारणीचा इलाज नाही. मैलोन्मैल एकच जात, त्यामुळे रोगाला अडवायला कोणी उरले नाही. जाता जाता सांगतो, को ०२३८ चा बाप कोण? को ७७५. तोच, आपल्या ८६०३२ चा आजोबा. महाराष्ट्रात लाल कुजीने उत्तरेसारखा धुमाकूळ घातलेला नाही. आपली हवा वेगळी, जमीन वेगळी, रोगाचे वाणही वेगळे. म्हणून घाबरून जायचे कारण नाही. पण कोसी ६७१ ला लाल कूज आणि काणी या दोन्हींचा त्रास होता, हे विसरूनही चालणार नाही.

अमेरिकेतल्या लुईझियाना राज्याचे उदाहरण दुसऱ्या बाजूचे आहे. तिथे थंडी कडक. खोडवा मरायचा, म्हणून दर दोन-तीन वर्षांनी नवी लागण करण्याचा खर्च. तिथल्या संशोधकांनी थायलंडमधून आलेले एक रानटी कांस घेतले आणि पिढ्यान्‌पिढ्या चांगल्या उसाशी संकर करत नेले. १९९३ साली त्यातून एलसीपी ८५-३८४ ही जात आली. फुटवे भरपूर आणि खोडवा असा की लागणीला मागे टाकेल. २००४ च्या सुमारास राज्यातला दहापैकी नऊ एकर ऊस तिचाच झाला. पुढे काय झाले ते आपण ओळखले असेलच. तांबेऱ्याने तिला गाठले आणि शेतकऱ्यांना पुन्हा दुसऱ्या जातींकडे वळावे लागले. रानटी गवताने टनेज दिले हे खरे. पण ते एका गवताचे देणे होते. एका गवताच्या पुंजीवर सगळे राज्य किती दिवस चालणार?

उसावाचून दुसऱ्या पिकात असे आहे का, असे कोणी विचारील. आहे. वाण्याकडून आपण जे पामतेल आणतो त्या तेलताडाची कथा तर याहून विलक्षण. हे झाड मूळचे पश्चिम आफ्रिकेचे. १८४८ साली जावातल्या बोगोरच्या वनस्पती उद्यानात त्याची अवघी चार रोपे आणून लावली. सुमात्रा आणि मलायातले पुढचे अफाट मळे मुख्यतः त्या चार रोपांच्या वंशावर उभे राहिले. चार! आपल्या वावराच्या बांधावरही यापेक्षा जास्त नारळ असतात. मग आफ्रिकेतल्या झाडांत फळाच्या कवटीचे तीन प्रकार असतात हे लक्षात आले. जाड कवटीचे, बिनकवटीचे आणि पातळ कवटीचे. बेल्जियन काँगोतल्या दोघा संशोधकांनी १९४१ साली दाखवून दिले की जाड कवटीच्या आईवर बिनकवटीच्या बापाचे पराग घेतले की सगळी संतती पातळ कवटीची निघते. कवटी पातळ म्हणजे तेलाचा गर जास्त. तेवढ्या एका गोष्टीने झाड तेच राहून तेल सुमारे तीस टक्क्यांनी वाढले.

पण आईची बाजू अजून त्या चार रोपांचीच होती. म्हणून १९७३ साली मलेशियाच्या संशोधकांनी नायजेरियात जाऊन, तिथल्या तेलताड संशोधन संस्थेच्या मदतीने, ४५ ठिकाणच्या रानटी व अर्धरानटी झाडांचे घड गोळा केले. त्यांच्या बियांची रोपे मलेशियात लावली. त्यांत काही झाडे बुटकी निघाली, काहींचे तेल अधिक पातळ राहणारे निघाले. बुटके झाड म्हणजे घड काढणे सोपे, आणि मळ्याचे आयुष्यही वाढते. उंच झालेला ताड तोडूनच टाकावा लागतो. दक्षिण अमेरिकेत तेलताडाचा एक रानटी चुलतभाऊ आहे. त्याला तेल कमी, पण उंची फार हळू वाढते. कोलंबियात शेंडाकुजीने मळेच्या मळे बसले तेव्हा या चुलतभावाशी केलेला संकर लावून लोकांनी पुन्हा बस्तान बसवले. आपल्या कासोएरची आणि जावाची गोष्ट जवळजवळ तशीच, फक्त शंभर वर्षांनी आणि दुसऱ्या खंडात.

तर प्रश्न उरतो तो रानटी वाण मिळवण्याचा आणि राखण्याचा. कांस म्हणजे एकच काहीतरी आहे असे समजू नका. ते आफ्रिकेपासून हिंदुस्थानातून थेट प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंत पसरले आहे. कुठे गुणसूत्रे ४०, कुठे १२८. समुद्रकाठचे खारट जमीन सोसते, हिमालयाच्या पायथ्याचे थंडी सोसते, वाळवंटाकडचे महिनोन्‌महिने पाण्यावाचून राहते. हे सगळे गुण एका ठिकाणच्या गवतात मिळत नाहीत, म्हणून ठिकठिकाणचे गोळा करावे लागते. १९२८ साली अमेरिकेच्या शेतकी खात्याची माणसे पाण्यावर उतरणारे विमान घेऊन न्यू गिनीच्या जंगलात ऊस शोधायला गेली होती. त्या सफरीतल्या वाणांच्या नावात '२८ एनजी' असे आकडे असतात. पुढे १९५७ व १९७७ च्या सफरींचे '५७ एनजी' आणि '७७ एनजी'. आपल्या देशातही कोइमतूरच्या संशोधकांनी अरुणाचलपर्यंत जाऊन रानटी वाण आणले आहेत.

हे गोळा केलेले वाण कोठे ठेवतात? केरळात कण्णूर येथे कोइमतूर संस्थेचे केंद्र आहे. तिथे जगभरच्या उसाचे आणि त्याच्या रानटी नातलगांचे तीन हजारांहून जास्त वाण जिवंत ठेवले आहेत. जगात एवढा मोठा दुसरा संग्रह अमेरिकेत मायामी येथे. ज्वारीचे बी डब्यात भरून ठेवता येते. उसाचा वाण जपायचा तर बेट जिवंतच ठेवावे लागते. परत परत लावायचे, पाटी लावायची, एकाचा दुसऱ्यात मिसळ होऊ द्यायचा नाही. हे काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, पण उद्याचा ८६०३२ तिथूनच निघणार आहे. कांसाशिवाय इरिअँथस नावाचे एक उंच दांडगे गवत आहे. अवर्षण सोसणे, लाल कुजीला दाद न देणे आणि खोडवा टिकवणे हे त्याचे गुण. त्याचा उसाशी संकर जुळवण्याचे काम कोइमतूरला चालू आहे. नाते लांबचे असल्याने सोयरीक अवघड जाते, एवढेच. आपल्या राज्यात वसंतदादा साखर संस्थेने आंबोलीला संकराचे केंद्र केले आहे, कारण तिथल्या दमट हवेत उसाला तुरा येतो आणि बी भरते.

आता वेळेचा हिशेब. संकर झाला, फोलासारखे बी गोळा झाले, रोपे उगवली. हजारो रोपांतून पहिल्या वर्षीच बहुतेक बाद. राहिलेल्यांच्या टिपऱ्या लावायच्या, लागण व खोडवा दोन्ही पाहायचे, मुद्दाम रोग टोचून पाहायचा, प्रयोगशाळेत ब्रिक्स आणि उतारा काढायचा, मग निरनिराळ्या केंद्रांत, मग कारखान्यांच्या कार्यक्षेत्रात. बारा-चौदा वर्षे सहज जातात. ८६०३२ मधल्या आकड्यातच पाहा. ८६ म्हणजे १९८६ साली त्याला क्रमांक मिळाला. आपल्या राज्यात प्रसार १९९६ साली. आणि तोही चांगल्या उसाचा चांगल्या उसाशी संकर होता. रानटी गवतापासून सुरुवात केली तर त्याआधी आणखी तीन-चार पिढ्या घालाव्या लागतात. म्हणून रोग आल्यावर नवी जात मागायची म्हणजे आग लागल्यावर विहीर खणायला घेणे झाले.

एक खुलासा करून ठेवतो. रानटी रक्त आले म्हणजे ऊस आपोआप पिकेल, असे आमचे म्हणणे नाही. माती परीक्षण न करता युरियाची पोती ओतायची, पाणी तुंबवून ठेवायचे, तिसरा-चौथा निडवा ठेवून त्याच्याच वाढ्याकडचे बेणे लावायचे, आणि मग जात खराब निघाली म्हणायचे, हे न्यायाचे नाही. पुष्कळदा जात बिघडलेली नसते, बेणे बिघडलेले असते. गवताळ वाढ, काणी हे रोग बेण्यातूनच घरी येतात. त्याला उपाय मूलभूत, पायाभूत आणि प्रमाणित अशा त्रिस्तरीय बेण्याचा.

काही उत्साही तरुण सभासद विचारतात की बांधावरच्या कांसाशी आपणच संकर करून पाहिला तर? हौस चांगली आहे. पण वर सांगितल्याप्रमाणे पहिल्या पिढीत चिपाड मिळेल, साखर नाही, आणि ते गवत रानात पसरले तर काढता काढता नाकी नऊ येतील. त्याहून धोक्याची गोष्ट म्हणजे पाहुण्याकडून, परराज्यातून, शिफारस नसलेल्या जातीचे बेणे गुपचूप आणणे. टिपरीबरोबर रोगही प्रवास करतो आणि नोंदीत ती जात दुसऱ्याच नावाने लागते. मग रोग दिसला तरी तो कुठून आला याचा माग लागत नाही. अशा दहा सऱ्यांपायी अख्ख्या गटाचे नुकसान होऊ शकते.

आता मूळ प्रश्नाकडे. चाचणी प्लॉट आपल्याच कार्यक्षेत्रात लागतो, कारण पाडेगावला किंवा मांजरीला चांगली दिसलेली जात आपल्या खाऱ्या पट्ट्यात, आपल्या काळ्या निचरा नसलेल्या रानात आणि आपल्या पाणीपाळीवर कशी येते हे दुसरीकडे कळणार नाही. त्यात बारीक निघालेला ऊसही काहीतरी सांगून जातो. तेव्हा आमच्या खात्याची विनंती अशी. आपल्या एकूण ऊसक्षेत्रात कोणतीही एक जात निम्म्यापेक्षा जास्त ठेवू नये, आणि दुसरी जात निवडताना ती त्याच घरची आहे का, हे गट अधिकाऱ्याला विचारून घ्यावे. वंशावळीचा तक्ता प्रत्येक गट कार्यालयात लावण्याची व्यवस्था करत आहोत. चाचणी प्लॉट घेणाऱ्या सभासदाने लागण आणि खोडवा दोन्ही पूर्ण ठेवावेत. लागण पाहून प्लॉट मोडला तर रानटी रक्ताचा मुख्य गुण, म्हणजे खोडव्याचा जोम, पाहायलाच मिळत नाही. तोडणीआधी प्रत्येक प्लॉटला आमचा माणूस येईल, फुटवे मोजील, ब्रिक्स काढील आणि ऊस उभा चिरून आतला रंग पाहील. त्या वेळी सभासदाने किंवा घरच्या जाणत्या माणसाने बांधावर हजर राहावे, म्हणजे आकडे आपल्यासमोर वहीत उतरतील.

आडसाली लागणीसाठी पायाभूत बेणे हवे असलेल्यांनी सातबारा, पाण्याची सोय आणि मागील पिकाची माहिती घेऊन आपल्या गट कार्यालयात नाव नोंदवावे.